मध्यस्थ क्षमस्व

उज्ज्वला मगदूम यांनी राहतं घर विकायला काढलं आणि जाहिरातीच्या शेवटी ठसठशीत अक्षरांत घातलं, 'मध्यस्थ क्षमस्व'. तसं पाहिलं तर यात कुणाला राग यावा असं काही नाही. सांगलीत अशा दहा जाहिराती रोज निघतात. पण उज्ज्वलाबाईंचा एकुलता एक मुलगा सम्मेद पुण्यात घरांचा एजंट होता, आणि खुद्द बाईंनी अठ्ठावीस वर्षं मध्यस्थी करूनच काढली होती. घरांची नव्हे, लग्नांची. तिसऱ्या मजल्यावरच्या याच घरात, याच हॉलमध्ये त्यांचं वधूवर सूचक केंद्र चालायचं. निम्म्या सांगलीची लग्नं त्यांनी जमवलेली. उरलेल्या निम्म्या सांगलीला त्यांनी नकार कळवलेले.

जाहिरात निघाली त्याच सकाळी सम्मेदचा फोन आला.

"आई, एजंटाच्या आईनं मध्यस्थ क्षमस्व लिहायचं? ऑफिसात सगळे हसतायत मला."

"हसू दे की. तब्येतीला चांगलं असतं."

"मी तुझ्याकडून दलाली घेणार होतो का? का नको मी, तेवढं सांग."

"अरे, या घराची माझ्याइतकी माहिती कुणाला आहे? मी विकीन ना."

"तिथंच तर घोळ आहे. विकणाऱ्याला घर जास्त माहीत असतं म्हणून तो बोलत सुटतो. मधे एक माणूस लागतो आई, ज्याचा जीव त्या घरात अडकलेला नाही असा. हे तूच लोकांना सांगायचीस ना? मुलाच्या बापानं आणि मुलीच्या बापानं थेट बोलायचं नाही म्हणून?"

खरंच, हे त्यांचंच वाक्य होतं.

"ते लग्नाचं झालं. घराचं वेगळं," त्या म्हणाल्या. "आणि तीन जिने चढून माझे गुडघे गेलेत. पन्हाळ्यावर तळमजल्याची जागा बघतेय, ते सांगितलंय तुला."

"पन्हाळ्यावर काय एकटी भूत होऊन राहणार आहेस? इथं तुझी खोली रंगवून ठेवलीय. पिस्ता कलर."

"बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला.

एकटी राहणार नव्हत्या, हीच तर गोम होती. पन्हाळ्यावर धनपाल चौगुले यांचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे अंगण, मागे फणस. चौगुले सर म्हणजे शाळेतले कवायतीचे मास्तर. एकोणसत्तर वर्षांचे, विधुर, पाठ अजून ताठ. दोन वर्षांपूर्वी पुतण्याचं स्थळ घेऊन ते जुनी पाटी वाचून वर आले होते. केंद्र कधीच बंद झालंय, असं उज्ज्वलाबाईंनी दारातच सांगितलं. सर म्हणाले, "मग निदान पाणी तरी द्या, तीन मजले चढलोय." पाणी पिता पिता पुतण्याचं वर्णन झालं, आणि उज्ज्वलाबाईंना आठवणीतूनच एक मुलगी सुचली. दोन महिन्यांत पुतण्याचं लग्न झालं. त्यानंतरही सर दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारला, पुतण्याचा संसार कसा चाललाय ते सांगायला पन्हाळ्याहून बसनं येत राहिले. संसार उत्तम चालला होता. त्यात सांगण्यासारखं फार काही नव्हतं. तरी सहाशे ग्रॅम भडंग संपेपर्यंत ते सांगत बसत.

आणि गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं, आणि उज्ज्वलाबाई हो म्हणाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून हा होकार काढून घेणारी बाई, स्वतःच्या तोंडून तो निघाला तेव्हा दहा मिनिटं स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी लावत बसली.

आता सम्मेदला सांगायचं कसं? लोकांची भीती उज्ज्वलाबाईंना नव्हती, लोकांच्या तोंडाला त्या पुरून उरल्या असत्या. सम्मेद भांडेल, याचीही भीती नव्हती. तो भांडणारा नाहीच. त्याचे वडील, जिनदत्त, जाऊन नऊ वर्षं झाली, आणि अजून तो त्यांचंच घड्याळ हातात घालतो. तो शांतपणे 'बरं' म्हणेल आणि मग त्याचे फोन कमी होत जातील. रोजचा एक, मग आठवड्याचा एक, मग सणावारी. म्हणून ठरलं असं, की आधी घर विकायचं, पन्हाळ्यावर जायचं, आणि मग योग्य वेळ बघून सांगायचं. ही योग्य वेळ कुठली, ते मात्र दोघांनाही माहीत नव्हतं.

आणि मधे उभी होती ती गृहनाडी.

आता ही गृहनाडी काय भानगड आहे ते सांगायला हवं. इंटरनेटची केबल घराघरांत आली, तेव्हा ती ऐकतेसुद्धा, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. केबलच्या पोटात काचेची केसासारखी बारीक तार असते. तिच्यातून लेझरच्या प्रकाशाचा एक ठोका सोडला, की काचेतल्या सूक्ष्म दोषांवर आपटून त्यातला कणभर प्रकाश उलटा परत येतो. तार स्वस्थ असेल तर तो दर खेपेला सारखाच परततो. पण फरशीवर कुणी पाऊल टाकलं की फरशी नकळत दबते, तिच्यालगतची तार किंचित ताणते आणि परतणारा प्रकाश तेवढ्यापुरता बदलतो. किती वेळानं परतला यावरून पाऊल कुठं पडलं ते कळतं. किती बदलला यावरून पाऊल टाकणाऱ्याचं वजन कळतं. आधी ही युक्ती भूकंपाची चाहूल घ्यायला वापरली. मग लक्षात आलं, की इमारतीला तडा कुठं जातोय, पाणी कुठं मुरतंय, हेही तार सांगते. आणि मग लक्षात आलं, की घरात कोण कसं चालतं तेही सांगते. प्रत्येकाची चाल वेगळी असते. कुणी टाच आपटतं, कुणी पाय ओढतं.

त्यामुळं २०४३ साली घर विकताना गृहनाडीचा दाखला जोडणं सक्तीचं झालेलं होतं. घर घेतल्यावर आतून एखादा भाडेकरू नाहीतर रुसलेला चुलतभाऊ निघायचा आणि कोर्टकचेरी व्हायची, ते यानं थांबलं. आठवड्यातून सहा तासांपेक्षा जास्त वेळ जो घरात वावरतो, तो 'सहनिवासी'. त्याचं नाव द्यायचं, त्याचं हरकत नसल्याचं पत्र जोडायचं, आणि एक रकाना भरायचा : 'मालकाशी नाते'. हा सगळा मजकूर सरकारी साइटवर जातो आणि राज्यातले सगळे एजंट तो रोज सकाळी चहाबरोबर वाचतात.

उज्ज्वलाबाईंनी हजारो परिचयपत्रांचे रकाने भरले होते. गव्हाळ, सडपातळ, गृहकृत्यदक्ष. या एका रकान्यापाशी मात्र त्यांचं बोट अडलं.

एजंट मधे घेतला, तर तो घराची दहा वर्षांची नाडी उघडतो. मालकानं स्वतः विकलं, तर शेवटच्या तीस दिवसांचा सारांश पुरतो. म्हणून मध्यस्थ क्षमस्व. आता तीस दिवस या घरात एकच माणूस दिसायला हवा होता, बस्स.

"मग मी महिनाभर येत नाही," चौगुले सर म्हणाले.

आठवडाभर ते आले नाहीत. मंगळवार गेला, शुक्रवार गेला. उज्ज्वलाबाईंनी शुक्रवारी दुपारी चारला दाराकडे सहा वेळा पाहिलं, मग स्वतःवरच चिडून दार उघडून ठेवलं. बाहेर कुठं भेटायचं म्हटलं तर सोय नव्हती. सांगलीत ज्या बागेत, ज्या हॉटेलात जावं तिथं त्यांनी जमवलेलं एखादं जोडपं पोराबाळांसकट समोर यायचं आणि "काकू" म्हणून पाया पडायचं. रात्री त्यांनीच सरांना फोन केला. "काहीतरी दुसरं बघा," त्या म्हणाल्या. "मला करमत नाही." हे एवढं स्पष्ट त्या आजवर कुणालाच बोलल्या नव्हत्या, त्यामुळं बोलून झाल्यावर त्यांना जरा धापच लागली.

मंगळवारी सर आले ते दाराच्या बाहेरच उभे राहिले.

"यंत्र माणसं मोजतं कशावरून? पावलांवरून," ते म्हणाले. "दोघांचं पाऊल एकाच वेळी, एकाच ढबीनं पडलं तर?"

"तर काय?"

"तर माणूस एकच. अहो, पस्तीस वर्षं मी साठ-साठ पोरांचं एक पाऊल पाडलंय. तुम्ही तर एकट्या आहात. या माझ्याशेजारी. तुमची चाल मी उचलतो, तुम्ही नेहमीसारख्या चाला. बाएं पैर से."

आणि अशा रीतीनं सहासष्ट वर्षांच्या उज्ज्वला मगदूम आपल्याच घरात परेड करायला लागल्या. दारातून खुर्चीपर्यंत बाएं-दाएं-बाएं. खुर्चीतून स्वयंपाकघरापर्यंत बाएं-दाएं-बाएं. एकाला पाणी हवं झालं तरी दोघांनी उठायचं. वळणावर सर पुटपुटायचे, "पीछे मुड," आणि उज्ज्वलाबाईंना असं हसू फुटायचं की पाऊल चुकायचं. मग दोघंही जागच्या जागी गोठून उभे राहायचे, तारेनं ऐकलं की काय म्हणून. दोन आठवड्यांत त्यांचं पाऊल इतकं जुळलं की मोजायची गरज उरली नाही. गंमत म्हणजे उज्ज्वलाबाईंचे गुडघे दुखायचे कमी झाले.

मधल्या दिवसांत गिऱ्हाइकं येत होती, आणि जात होती. विशेषतः जात होती. पहिलं कुटुंब आलं, त्यांना घर आवडलं. पण उज्ज्वलाबाईंनी स्वतःहून सांगितलं, की वरच्या देशिंगकरांचा मिक्सर पहाटे साडेपाचला सुरू होतो, मार्चनंतर बाल्कनीत पाय ठेववत नाही, आणि मोरीचा नळ अधूनमधून रुसतो. लपवायला त्यांना जमलंच नाही. लपवायचं होतं ते एकच, त्यात त्यांची सगळी ताकद खर्च होत होती. दुसरे आले ते तरणे नवरा-बायको. त्यांना बाईंनी कांदा न घातलेलं भडंग दिलं आणि विचारायला सुरुवात केली. नोकरी कायमची का? व्यसन? आईवडील जवळ राहणार की लांब? मुलाबाळांचा काय विचार? नवऱ्यानं विचारलं, "काकू, आम्ही घर बघायला आलोय ना?" तेव्हा त्या भानावर आल्या. ते दोघं जिना उतरताना मोठमोठ्यानं हसत होते.

"सम्मेदचं खरं आहे," त्या सरांना म्हणाल्या. "मधे माणूस पाहिजे. मला हे घर विकायचंय असं मी बोलतच नाही. मी त्याला चांगलं ठिकाण बघतेय."

एकतिसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, सारांश तयार होऊन आपोआप साइटवर चढला. उज्ज्वलाबाईंनी चष्मा लावून वाचला. 'बांधकाम : उत्तम. ओल : स्नानगृहात किरकोळ. निवासी : एक. सहनिवासी : नाही.' त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चष्मा काढला, डोळे मिटून जिनदेवांचं नाव घेतलं आणि खालचा मजकूर न वाचताच पोळ्यांना लागल्या. त्यांनी जन्मभर परिचयपत्रं वाचली ती अशीच, वरच्या चार ओळी. ठरायचं ते तिथंच ठरतं असा त्यांचा अनुभव.

दुपारी साडेतीनला मिताली कोरे घर बघायला आली. चौतीस वर्षांची, गुरांची डॉक्टर, बदली होऊन सांगलीत आलेली. चपला दारात काढून आली, प्रत्येक खोलीत जाऊन खिडकी उघडून बघितली, आणि भिंतींपेक्षा उजेडाकडे जास्त लक्ष दिलं. उज्ज्वलाबाईंना ती बघता क्षणी पसंत पडली. हिच्यासाठी स्थळ बघायला हवं, असंही मनात येऊन गेलं, पण त्यांनी जीभ चावली. एवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि उघड्या दारातून सम्मेद आत आला. घामाघूम, हातात टॅब. पुण्याहून तो वाटेत कुठंही न थांबता आला होता.

त्यानं आईला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग परत वरपासून खालपर्यंत.

"तू तर आहेस तेवढीच आहेस," तो म्हणाला.

"मग केवढी असायला पाहिजे?"

"आई, तू दाखला वाचलास का पूर्ण?" त्यानं टॅब पुढे धरला आणि वाचलं. "निवासीचे वजन : चौपन्न किलो. मंगळवार व शुक्रवार, दुपारी चार ते आठ : एकशे एकतीस किलो. चाल : कवायती. शेरा : वजनातील चढउतार असाधारण. निवासीने वैद्यकीय सल्ला घ्यावा."

मिताली खोकली. उज्ज्वलाबाईंची कानशिलं तापली.

"सकाळपासून सतरा एजंटांनी मला पाठवलंय हे. ते जाऊ दे. मी गाडी चालवताना हिशेब केला. एकशे एकतीस वजा चौपन्न, सत्त्याहत्तर. म्हणजे गुडघे दुखतात म्हणून तू घर विकतेस, आणि आठवड्यातून दोनदा सत्त्याहत्तर किलो घेऊन घरभर फिरतेस? काय उचलतेस तू? कुणाचं काम घेतलंयस? पैसे हवे होते तर मला सांगायचं ना."

एवढं घाबरलेलं त्याला त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांना एकाच वेळी हसू आलं आणि भरून आलं.

"मी बघू का जरा?" मितालीनं हळूच टॅब आपल्याकडे वळवला आणि बोटांनी नाडीची रेघ मोठी केली. "हे ओझं नाही. ओझं उचललं की चाल बदलते, पाऊल रुंद पडतं. इथं प्रत्येक ठोका जोडठोका आहे, बघा. दोन टोकं, अगदी लगोलग. हे एक जनावर नाही, बैलजोडी आहे." मग ती वरमली. "माफ करा, सवय. गोठ्यांच्या नाड्यांत रोज हेच बघते मी."

सम्मेदनं मितालीकडे पाहिलं, मग आईकडे. बरोबर चार वाजले होते. दारात चौगुले सर उभे होते. हातात पन्हाळ्याचा फणसाचा तुकडा बांधलेला रुमाल, नजर समोर, आतल्या माणसांकडे अजून लक्ष गेलेलं नाही, आणि महिनाभराच्या सवयीनं ते उंबऱ्याबाहेर जागच्या जागी पाय उचलत, उज्ज्वलाबाईंच्या पावलाची वाट बघत पुटपुटत होते, "बाएं-दाएं-बाएं."

मग सरांची नजर खाली आली, त्यांना उज्ज्वलाबाईंकडून ऐकलेलं जिनदत्तांचं घड्याळ दिसलं, ते घातलेला हात दिसला, आणि त्यांनी पाय हवेतल्या हवेत थांबवला.

"सम्मेद," उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "हे सत्त्याहत्तर किलो. धनपाल चौगुले. आम्ही लग्न करतोय."

सांगून झालं. महिनाभर ज्यासाठी जिवाचा आटापिटा केला ते तीन वाक्यांत संपलं होतं.

सम्मेद खुर्चीत बसला. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली ओळखीला. ठरलं दोन महिन्यांपूर्वी."

"आणि मला सांगणार कधी होतीस?"

"सांगणारच नव्हते. म्हणजे होते. धीर होत नव्हता." त्या त्याच्यासमोर बसल्या. "तू बरं म्हणशील आणि फोन कमी करशील, याची भीती वाटत होती मला. दुसरी कसलीच नाही. तू भांड, रुस, चार दिवस बोलू नकोस. पण फोन कमी करू नकोस."

सम्मेद उठून बाल्कनीत गेला. रेलिंग तापलेलं होतं, त्यानं हात मागे घेतला, तरी तिथंच उभा राहिला. सर दारातच, मितालीही अडकल्यासारखी भिंतीशी. उज्ज्वलाबाईंनी सरांना आत यायची खूण केली, आणि सर प्रथमच त्यांच्या पावलाची वाट न बघता आपल्या चालीनं आत आले. टाच आपटतच.

पाचेक मिनिटांनी सम्मेद परत आला.

"मला दहा वर्षांची नाडी बघायचीय," तो म्हणाला. "एजंट म्हणून मला उघडता येते. पण मालकाचा अंगठा लागतो. नको असेल तर नको म्हण."

ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी पोटच्या पोराला 'क्षमस्व' लिहिलं होतं, ती तो आता समोर बसून मागत होता. नको म्हणणं सोपं होतं. उज्ज्वलाबाईंनी अंगठा टेकवला.

पडद्यावर घराचा नकाशा उमटला, त्यावर वर्षामागून वर्ष चढायला लागलं. आधी दोन रेघा होत्या. एक चौपन्न किलोची, लगबगीची. दुसरी संथ, उजव्या पायावर जोर देणारी. "बाबा," सम्मेद म्हणाला. ती रेघ शेवटचे महिने बिछान्यापासून मोरीपर्यंतच जात होती, आणि एका पावसाळ्यात ती संपली. सम्मेदनं तिथं बोट थांबवलं, मग पुढे सरकवलं.

पुढे एकच रेघ होती. बिछाना, मोरी, ओटा, बिछाना. हॉल कोराच्या कोरा. पुढचं वर्ष, हॉल कोरा. त्याच्या पुढचं, तेही कोरं. दर वर्षी दोनदा-तीनदा तिथं गर्दी दिसायची ती सम्मेद येऊन गेलेल्या दिवसांची.

"तू रोज फोनवर सांगायचीस, हॉलमध्ये बसलेय, माणसं येऊन गेली, केंद्राचं चाललंय थोडंफार."

उज्ज्वलाबाईंनी टॅबवरून नजर काढली.

"दिवसाला एकशे चाळीस पावलं, आई. सात वर्षं." त्यानं कोऱ्या हॉलवर बोट टेकवलं. "मी तिकडं तुझ्यासाठी खोली रंगवत होतो आणि तू इथं आख्खं घर असून एका खोलीत राहत होतीस. मी रोज फोन केला. एक दिवस चुकलो नाही. आणि मला काहीच कळलं नाही."

"मी कळू दिलं नाही रे," त्या म्हणाल्या. "त्यात मी फार हुशार आहे." आणि त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तो लहानपणी तापात पडायचा तेव्हा फिरवायच्या तसा.

सम्मेदनं डोळे पुसले आणि बोट पुढे सरकवलं. एका ठिकाणी कोऱ्या हॉलमध्ये रेघ उमटली. दारातून खुर्चीपर्यंत एक जड रेघ, आणि ओट्यापासून हॉलपर्यंत एक हलकी.

"हा मंगळवार कुठला?"

"पाणी मागितलं होतं मी," चौगुले सर पहिल्यांदाच बोलले. "तीन मजले चढून आलो होतो."

तिथून पुढे हॉल भरत गेला. मंगळवार, शुक्रवार. मग हळूहळू मधले वारही. उज्ज्वलाबाई एकट्या असायच्या त्या दिवशीसुद्धा पावलं हॉलमध्ये यायची, बाल्कनीत जायची, परत यायची. एकशे चाळीसची चारशे झाली, हजार झाली. सम्मेद ती वाढ बघत राहिला. घरांचे असे आलेख तो रोज शंभर बघत असेल, पण या आलेखावरून त्याची नजर हटेना. शेवटी तो या महिन्यावर आला. घरभर कवायत. वळणं अगदी काटकोनात, आणि मधेच कुठंतरी दोघंही दोन-दोन मिनिटं थिजलेली.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"तिथं मला हसू आवरलं नाही," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "मग आम्ही स्टॅच्यू झालो."

आणि सम्मेद हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. त्याला बघून मिताली हसली, सर हसले, आणि उज्ज्वलाबाईंनी तर महिनाभराचं दाबलेलं सगळंच हसून घेतलं. आत्ता या घराची नाडी कुणी बघितली असती तर त्याला भूकंपच वाटला असता.

हसू ओसरल्यावर सम्मेद उठून सरांसमोर उभा राहिला. दोघंही अवघडले. मग त्यानं खाली वाकून सरांच्या पायांना हात लावला.

"सर, आईची चाल तुम्ही महिनाभरात उचललीत," तो म्हणाला. "मला अडतीस वर्षांत जमलं नाही. पन्हाळ्यावर चढ आहेत, तेवढं सांभाळा. आणि फोनला रेंज येते ना तिथं?"

"अंगणात येते. फणसाखाली उभं राहिलं की चांगली येते."

"मग रोज संध्याकाळी सातला आईला फणसाखाली उभं करा."

उज्ज्वलाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं.

मितालीनं घसा साफ केला. "मी नंतर येऊ का? घरचं चाललंय तुमचं."

"नाही नाही, बसा," सम्मेद म्हणाला. "घर कसं वाटलं?"

"घ्यायचंय मला. दाखला बघून तर नक्कीच घ्यायचंय." ती उज्ज्वलाबाईंकडे वळली. "फक्त ताबा कधी मिळेल तेवढं सांगा काकू. माझं सामान ट्रकमध्येच आहे."

उज्ज्वलाबाईंनी बोलायला तोंड उघडलं. मोरीच्या नळापासून सुरुवात करावी की वरच्या मिक्सरपासून, असा त्यांना प्रश्न पडला होता. सम्मेदनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि आपली खुर्ची ओढून दोघींच्या बरोबर मधोमध ठेवली.

"बावीस तारखेपर्यंत नाही मिळणार," तो मितालीला म्हणाला. "त्या दिवशी या हॉलमध्ये लग्न आहे. तुम्हीही या."

"येईन की," मिताली म्हणाली. "पण कुणाकडून येऊ?"

"आमच्याकडून या," सम्मेद म्हणाला. "मुलीकडचा मी आहे."